कार्ड नंबर ११८७

“परत चालवा,” जयदीप म्हणाला.

सुमनताईंनी कीबोर्डवरचा वरचा बाण दाबला. मघाचीच आज्ञा काळ्या पडद्यावर पुन्हा आली. एंटर दाबताच पांढऱ्या ओळी भराभर वर सरकल्या आणि थांबल्या. एप्रिल महिन्यात सहा नंबरच्या स्टेशनवर बायपासचं बटण जितक्या वेळा दाबलं गेलं होतं, तितक्या ओळी. प्रत्येकीत तारीख, वेळ, पीसचा नंबर आणि शेवटी कार्डाचा नंबर.

“चौतीस,” त्या म्हणाल्या.

“कार्ड?”

“सगळीकडे एकच. अकराशे सत्त्याऐंशी.”

जयदीप क्वालिटीचा मॅनेजर. वय चौतीस-पस्तीस. खुर्ची दिली तरी बसत नव्हता. सुमनताईंच्या मागे उभा राहून त्यांची बोटं कुठे पडतात ते पाहत होता. त्याने मोबाइलवर पडद्याचा फोटो काढला. नंबर कोणाचा ते विचारायची त्याला गरज पडली नाही. पंधरा वर्षांपासून लाइनवर असलेल्या माणसांचे नंबर सगळ्यांना पाठ होते.

“कोंडीराम,” तो म्हणाला. “मला वाटलंच होतं.”

चाकणच्या या कारखान्यात ब्रेकच्या जोडण्या तयार होत. सहा नंबरच्या स्टेशनवर त्यांचे बोल्ट आवळले जात. बोल्ट ठरल्याइतका आवळला गेला नाही तर लाल दिवा लागे आणि यंत्र पीस अडवून धरी. बायपासचं पिवळं बटण दाबलं की तो तसाच पुढे जाई. ते बटण चाचणीपुरतं होतं. रोजच्या कामात त्याला हात लावायचा नाही असा नियम होता. गाड्या बनवणाऱ्या गिऱ्हाईक कंपनीकडून ढिल्या बोल्टचे नऊ पीस परत आले होते. हे कोणी केलं त्याचं उत्तर संध्याकाळी पाचपर्यंत द्यायचं होतं, आणि उत्तर म्हणजे नाव, असं जयदीपने सकाळी येतानाच सांगितलं होतं. नाव ज्याचं निघेल तो उद्यापासून कामावर नसणार होता. कोंडीरामच्या निवृत्तीला अकरा महिने राहिले होते.

सुमनताई मूळच्या करमाळ्याकडच्या. बारावीनंतर टायपिंग केलं, लग्नानंतर इकडे आल्या आणि या कंपनीत माहिती भरायच्या कामाला लागल्या. यंत्रांच्या नोंदी ठेवणारा संगणक बसवायला आलेल्या धनेश नावाच्या इंजिनिअरने जाताना त्यांना काही आज्ञा शिकवल्या. त्या त्यांनी शंभर पानी वहीत उतरवून घेतल्या. त्यातली सगळ्यात कामाची ग्रेप. ग्रेप लिहायचं, मग काय शोधायचं ते, मग फाइलचं नाव; लाखो ओळींमधून तेवढ्याच ओळी समोर येतात. पुढे कंपनीने रंगीत आलेखांची नवी व्यवस्था घेतली, पण तिच्यात मागचे तीसच दिवस दिसत. त्याआधीचं सगळं साध्या फाइलींत, जिन्याखालच्या या खोलीत. म्हणून काही जुनं हवं असलं की साहेबलोक जिन्याखाली येत. एरवी सुमनताईंचं काम होतं कामगारांची कार्डं तयार करायचं.

जयदीप छापील प्रत तयार ठेवायला सांगून गेला. सुमनताईंनी श्वास सोडला. दोन तास त्या एक गोष्ट चेहऱ्यावर दिसू न देण्याची काळजी घेत होत्या. चौतीस हा आकडा त्यांना जयदीप येण्याआधीच माहीत होता.

सकाळी बसमध्ये परत आलेल्या पीसची कुजबुज चालली होती. कोंडीराम नेहमीप्रमाणे त्यांच्या शेजारी बसले होते. दोघंही चऱ्होलीचे. कोंडीराम गावातले, सुमनताई नव्या सोसायटीतल्या. ती सोसायटी उभी राहिली ती जमीन कधीकाळी कोंडीरामच्या भावकीची होती. ‘तुझा ओटा माझ्या मेथीच्या वाफ्यावर हाय,’ असं ते म्हणत. बस आधी गावात थांबे, मग सोसायटीशी, म्हणून कोंडीराम खिडकीच्या जागेवर डब्याची पिशवी ठेवून ती सुमनताईंसाठी धरून ठेवत. नऊ वर्षं हे चाललं होतं. आज सकाळी कुजबुज चालू असताना ते एक शब्द बोलले नाहीत, बाहेर पाहत राहिले.

आणि पंधरा दिवसांपूर्वी त्यांनी विचारलं होतं, जुन्या फायली किती मागच्या सापडत्यात गं? सहज विचारल्यासारखं. तेव्हा सुमनताईंना काही वाटलं नव्हतं. आज बसमध्ये ते आठवलं आणि मग ते डोक्यातून जाईना. खोलीत आल्यावर पर्स टेबलावर ठेवायच्या आधी त्यांनी संगणक चालू केला आणि आठ बावन्नला ११८७ शोधलं. आधी हजारो ओळी आल्या, कारण हे चार आकडे पीसच्या नंबरांतही कुठे कुठे येत. त्यांनी शोध आवळला: कार्डाच्या रकान्यात ११८७ आणि त्याच ओळीत बायपास. चौतीस ओळी उरल्या. त्या कितीतरी वेळ तशाच बसून राहिल्या होत्या.

आता त्यांनी छापील कागद समोर घेतला आणि पट्टी लावून एकेक ओळ वाचायला सुरुवात केली. ही त्यांची सवय होती. संगणकाने काढलेली असली तरी स्वतः वाचल्याशिवाय त्या कोणतीही यादी खोलीबाहेर जाऊ देत नसत.

एकोणिसाव्या ओळीवर पट्टी थांबली.

तेवीस एप्रिल, दुपारी बारा एकतीस.

तेवीस एप्रिलला कोंडीरामच्या मुलीचं, तनुजाचं, लग्न होतं. चऱ्होलीतल्याच कार्यालयात, बारा पस्तीसचा मुहूर्त. बसमधली बारा-तेरा माणसं रजा टाकून गेली होती, सुमनताईही. अक्षता वाटायला माणूस कमी पडला म्हणून कोंडीराम स्वतः ताट घेऊन रांगांमधून फिरत होते. फेटा सारखा कानावर घसरत होता. सुमनताईंच्या ओंजळीत त्यांनीच अक्षता टाकल्या होत्या.

त्यांनी हजेरीची फाइल उघडून तिथे ११८७ शोधलं. बावीस, तेवीस, चोवीस: रजा.

माणूस रजेवर, आणि कार्ड कामावर.

सुमनताई उठल्या. यंत्रांच्या शॉपवर त्या वर्षभरात क्वचित जात. पिवळ्या पट्ट्यांच्या आतून चालत सहा नंबरला पोचल्या तेव्हा तिथे कंत्राटी कामगार मुलगी काम करत होती. विजयश्री तिचं नाव, नांदेडकडची. यंत्राच्या बाजूला पत्र्यात एक खिळा ठोकलेला होता आणि खिळ्याला निळ्या दोरीचं एक कार्ड लटकत होतं. कडा झिजलेल्या. फोटोतल्या कोंडीरामच्या मिशा काळ्या होत्या.

“तुझं कार्ड कुठंय?” सुमनताईंनी विचारलं.

“माझं यायचंय की ताई अजून. पाच एप्रिलला लागले मी. फॉर्म दिलाव.”

“मग मशीन चालू कशी होते?”

विजयश्रीने खिळ्याकडे मान वळवली. अण्णांच्या कार्डावर सगळेच चालवतात, ती म्हणाली. कार्ड न मिळालेले सगळे. नवीन माणूस आला की मशीन त्याला घेत नाही, लाइन थांबते, वरून शिव्या बसतात. म्हणून अण्णांनीच सांगून ठेवलंय, माझं लावा, मी कुठं बी असंन.

“आणि पिवळं बटण?”

विजयश्रीचे हात थांबले नाहीत. फक्त तिने एकदा सुपरवायझर दादासाहेबांच्या काचेच्या केबिनकडे पाहिलं.

“टारगेट पुरं करा म्हणतेत,” ती म्हणाली. “मला लै काही माहीत न्हाई, ताई.”

खोलीत परतल्यावर सुमनताईंनी टेबलाचा खालचा कप्पा उघडला. कार्डांचे फॉर्म तिथे होते. अकरा. सर्वांत खालचा चार एप्रिलचा, आणि आज मे महिन्याची बारा तारीख होती. कार्ड छापायचं यंत्र गरम व्हायला वीस मिनिटं घेई. एकेका कार्डासाठी कोण चालू करणार, म्हणून त्या फॉर्म साठवून महिन्याच्या शेवटी एकदम करत. एप्रिलच्या शेवटी शाई संपली होती, मग ते राहिलं. कोणी विचारायलाही आलं नव्हतं. का आलं नव्हतं ते आता त्यांना कळलं. लाइन थांबलीच नव्हती.

पाऊण वाजता त्या जयदीपकडे गेल्या आणि एकोणिसावी ओळ, रजेची नोंद, खिळा, कप्पा, सगळं क्रमाने सांगितलं. त्याने मध्ये अडवलं नाही. सांगून झाल्यावर त्याने कागद उलटा ठेवला.

“एक ओळ घालायला किती वेळ लागतो, ताई?”

“कसली ओळ?”

“तेवीस तारखेची. तेहतीस खऱ्या आणि एक अशी, की बाकीच्या तेहतीस खोट्या वाटतील. फाइल तुमच्या मशीनवर. पासवर्ड तुमच्याकडे. तुम्ही दोघं एका गावचे, एका बसला, एका सीटवर. सकाळी तुम्ही हे काही बोलला नाहीत. मी यायच्या आधी खोलीत एकट्या होतात.”

सकाळी साडेनऊला जी फाइल कोंडीरामला घरी बसवायला पुरेशी होती, ती दुपारी एकला संशयास्पद झाली होती. जयदीपने सांगितलं की भोसरीच्या ऑफिसातून संगणकाचा इंजिनिअर प्रीतम येतोय, तो मशीन तपासेल. तुम्ही आज काय काय टाइप केलं ते तिथे राहतं ना?

“राहतं,” त्या म्हणाल्या. “वेळेसकट.”

“मग बघू. दोन वाजता.”

जेवणाची सुट्टी झाली. कॅन्टीनकडे जाणारे पाय जिन्यावरून वाजत गेले आणि मग शांत झालं. सुमनताईंनी डबा काढला, उघडला नाही.

टाइप केलेली प्रत्येक आज्ञा यंत्र लिहून ठेवतं, हे धनेशने शिकवलं होतं. वेळही नोंदली जाईल अशी सोय त्यानेच करून दिली होती. त्यांनी एक शब्द टाइप केला. यादी आली. आजच्या दिवसाची पहिली नोंद: आठ बावन्न, ११८७. सहा नंबर नाही, बायपास नाही, कोणी सांगितलेलं नाही. एका माणसाचा नंबर.

वहीत एकेचाळिसाव्या पानावर या यादीतली एखादी ओळ कशी काढायची तेही लिहिलेलं होतं. त्यांनी ते पान उघडलं. दोन शब्द आणि एक आकडा. दहा सेकंदांचं काम. ती आणि तिच्यामागची आठ पंचावन्नची ओळ गेली की राहिलेल्या यादीत एक कामसू बाई दिसली असती, साहेब आल्यावर साहेबांनी सांगितलेलं शोधणारी. कोंडीरामला कधी कळलं नसतं. पण प्रीतम शिकलेला मुलगा होता. ओळी गेल्याची खूण त्याला सापडली असती, तर उरलेल्या एकाही ओळीवर कोणी विश्वास ठेवला नसता. तेवीस एप्रिलच्या ओळीवर तर नाहीच.

त्यांनी वही मिटली. डबा उघडला आणि अर्धी पोळी खाल्ली.

दोन वाजता ती खोली भरली. खुर्चीवर प्रीतम, त्याच्या मागे जयदीप, कोपऱ्यात हाताची घडी घालून दादासाहेब. कोंडीरामना बोलावलं होतं. ते उंबऱ्याच्या आत आले नाहीत, दारात उभे राहिले. गळ्यात कार्ड नव्हतं. ते खिळ्यावरच होतं.

प्रीतमने आधी फाइल तपासली. एप्रिलनंतर हिला हात लागलेला दिसत नाही, तो म्हणाला. पण ही वेळ बदलता येते, त्यामुळे नुसतं यावर जाऊ नका. मग त्याने आज्ञांची यादी काढली. जयदीपने ती मोठ्याने वाचायला लावली.

“आठ बावन्न,” प्रीतमने वाचलं. “शोध, अकराशे सत्त्याऐंशी. आठ पंचावन्न, शोध, कार्ड अकराशे सत्त्याऐंशी, बायपास. नऊ तेहतीस, सहा नंबर, बायपास...”

“थांब.” जयदीप पुढे वाकला. “मी साडेनऊला आलो. आठ बावन्नला तुम्हाला हा नंबर कोणी दिला?”

“कोणी नाही.”

“मग दीडशे माणसांतून यांचाच का?”

सुमनताई पडद्याकडे पाहत होत्या. दाराकडे पाहायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं, पण पाहिलं.

“मला त्यांचा संशय आला होता,” त्या म्हणाल्या. “जुन्या फाइली किती मागच्या सापडतात, असं त्यांनी पंधरा दिवसांपूर्वी विचारलं होतं. आज सकाळी मला ते आठवलं.”

वरच्या जिन्यावरून कोणीतरी उतरून गेलं. कोंडीरामनी चौकटीवरचा हात काढून दुसऱ्या हातात धरला.

“इचारलं हुतं खरं,” ते म्हणाले. ते जयदीपशी बोलत होते. “रिटायर व्हायला आलो, सायेब. हितं पहिला पीस केला तो कुठल्या तारखेला, ती नोंद घावली तर घरी न्हावी म्हटलं. दुसरं काय न्हाई.”

प्रीतमने यादी शेवटपर्यंत वाचली. सगळे शोधच होते. फाइलमध्ये काही घालणारी, काढणारी एकही आज्ञा नव्हती, आणि यादीतूनही काही काढलेलं नव्हतं. जयदीप थोडा वेळ पेनचं टोपण उघडत-लावत राहिला. मग तो जे म्हणाला त्यात हिशेब होता, दया नव्हती: ज्या बाईने सकाळी सगळ्यांच्या आधी या माणसाला पकडायला सुरुवात केली, ती त्याला वाचवायला खोटी ओळ घालणार नाही.

“ओळ खरी धरू,” तो म्हणाला. “मग बाकीच्या तेहतीस वेळाही कार्ड कोणाच्या हातात होतं ते सांगता येत नाही. कोंडीराम, तुम्ही सांगू शकता?”

“न्हाई.”

“सांगू शकत नाही की सांगणार नाही?”

“कार्ड म्या दिलं हुतं,” कोंडीराम म्हणाले. “मागं कोनी काय केलं, त्ये मला दिसलं न्हाई.”

दादासाहेब हाताची घडी सोडून घड्याळ पाहू लागले. सुमनताईंनी खालचा कप्पा बाहेर ओढून टेबलावर ठेवला आणि अकरा फॉर्म तारखेच्या क्रमाने लावले. कार्डं माझ्याकडून राहिली, त्या म्हणाल्या, हे तुमच्या उत्तरात लिहा. जयदीपने एकेक फॉर्म उलटून पाहिला. नंतर दादासाहेबांना घेऊन तो वर गेला. वर काय बोलणं झालं ते खाली कोणाला कळलं नाही. पाचला पाच मिनिटं कमी असताना गिऱ्हाईक कंपनीला उत्तर गेलं. त्यात नाव नव्हतं. कार्ड देण्याच्या पद्धतीतली त्रुटी, बायपासच्या बटणाला आजपासून कुलूप, असं काहीसं होतं. सुमनताईंना एक मेमो मिळाला. त्यांनी त्याच्या दुसऱ्या प्रतीवर सही केली.

तोपर्यंत त्यांनी कार्डाचं यंत्र गरम केलं होतं. अकराही कार्डं साडेचारला तयार झाली. विजयश्रीचं त्यांनी स्वतः नेऊन दिलं. सहा नंबरचा खिळा रिकामा होता.

सुटीला वीस मिनिटं होती. त्यांनी फाइलींच्या यादीत अगदी खाली जाऊन पाहिलं. सगळ्यात जुन्या फाइली दोन हजार अकराच्या होत्या. त्या वर्षीच हे यंत्र बसलं. त्यांनी ११८७ शोधलं, फक्त पहिली ओळ मागितली. आली. नऊ फेब्रुवारी, सकाळी सात चौदा. पीस नंबर, बोल्टचा दाब, पुढे ठीक असा शेरा, आणि कार्ड. त्यांनी ती एक ओळ छापली, आणि पट्टी लावून वाचली.

बसमध्ये कोंडीराम नेहमीच्या जागी होते. खिडकीजवळ पिशवीही होती. सुमनताई शेजारी येऊन थांबल्यावर त्यांनी ती उचलली. सुमनताई आत सरकल्या, बसल्या, आणि कागद त्यांच्यापुढे धरला. कोंडीरामनी तो घेतला, हात लांब करून वाचला. गळ्यातलं कार्ड वर ओढलं, कागदाची बारीक घडी घातली आणि प्लॅस्टिकच्या पाकिटात कार्डाच्या मागे सरकवली.

“अण्णा,” सुमनताई म्हणाल्या.

“लई तरास घेतला, मॅडम,” कोंडीराम म्हणाले.

नऊ वर्षं ते त्यांना सुमन म्हणत होते. पुढच्या सीटवरच्या माणसाने मागे वळून पाहिलं आणि पुन्हा मोबाइलकडे वळला.

आळंदी मागे पडली. चऱ्होलीच्या हद्दीत शिरल्यावर सोसायटीच्या इमारती दिसू लागल्या. इथे आलं की कोंडीराम रोज म्हणत, चल, वाफा आला. बस फाटकाशी थांबली. कोंडीरामनी दोन्ही पाय सीटखाली ओढून घेतले आणि त्यांना उतरायला वाट करून दिली.